अंगावरचं शिवताना

अख्खा शर्ट मी कधी शिवला नाही.
अकरा वर्षं झाली. विडी घरकुलाच्या मागे,
पत्र्याखाली, माझ्याकडे येतात ते फक्त कफ:
नाडीनं बांधलेले गठ्ठे, डावे उजव्यांवर पालथे.
कॉलर सत्तव्वा लावते. मुंढे यल्लादासच्या मशीनवर.
खिसे कोण शिवतं, मला ठाऊक नाही.

बोद्दूल मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले,
कापड नंतर. आधी मनगट बघ.
शाळेतल्या पोराचा कफ एकबटणी, कोपरे गोल;
टोकदार ठेवलेस तर आठवड्यात चावून आणतो.
बँकेच्या शिपायाला चौकोनी, शेजारी-शेजारी दोन बटणं,
एक आत्ताच्या मनगटाचं, एक पेन्शनच्या वेळचं.
नर्सबाईला कफच नको, अर्धी बाही, बाहेरून दुमड,
आणि दुमडीला एक टाका, नाहीतर आत कापूस साठतो.
वेल्डरला घट्ट. ठिणगी वाट शोधते.

मग दुबईच्या हॉटेलची ऑर्डर आली.
लांबलचक कफ, मागे उलटवायचा, दुहेरी,
चार काजं, बटण एकही नाही.
विसरले का हो, मी विचारलं.
मास्तर म्हणाले, ते बटण डबीतून येतं, दागिन्यासारखं.
त्या रात्री मी चार-चार काजांची एकशेवीस जोडं केली
आणि एकाही काजात काही घातलं नाही.

आत बक्रम असतो. तो कुणी बघत नाही.
हलका लावला तर तिसऱ्या धुण्याला फुगे धरतो,
भाकरीसारखे.
भाकरीचे बरे, खाऊन संपतात.

माझी आई विड्या वळायची. तिच्या बाहीला कफ कुठला,
पण सुपाच्या काठावर टेकून टेकून
मनगटाला घट्ट्याचा एक पट्टा पडला होता,
काळपट, दोन बोटं रुंद.
मी त्याचं माप घेतलं नाही.
सहा इंच असेल. साडेपाच.

कफ संपतो तिथं मी मशीन मागे घेते, तीनदा.
दोनदा पुरतं. धाकटे मालक म्हणतात, दोऱ्याचा हिशेब करा.
मी दोनदाच म्हणते, आणि पाय तिसऱ्यांदा दाबतो.

परवा कन्ना चौकात, एटीएमच्या सावलीला उभी होते.
ऊन असं की बांगडीसुद्धा पोळत होती.
सिक्युरिटीवाला स्टुलावर, पूर्ण बाहीचा राखाडी शर्ट,
उजव्या कफाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.
मी बटण बघितलं नाही आधी.
टीप बघितली. शेवटाला मागे, मागे, मागे.

काय बघायलाय बाई?
तुमचं बटण पडंल, म्हटलं. हात इकडं करा.
पर्समध्ये सुई होती, दोरा पांढरा होता.
अंगावरचं शिवू नये, तो म्हणाला,
मग स्वतःच आगपेटी काढून एक काडी दातात धरली,
गुल बाहेर ठेवून, आणि गप्प बसला.
तोंडात काडी धरल्यावर बोलायचं नसतं,
हे त्यालाही कुणीतरी लहानपणी सांगितलेलं.

एवढे कफ शिवले, पण आत मनगट असलेला
हा पहिलाच.
कापडाखाली नाडी चालली होती, माझ्या मशीनपेक्षा फारच हळू.
पहिले दोन टाके घाईचे पडले.
तिसऱ्याला सूर लागला.

गाठ मारली. कात्री नव्हती.
दातानं तोडायचा तर परक्याच्या हातावर वाकायला हवं,
आणि चौकात माणसं होती.
त्यानं ओळखलं असावं. दातातली काडी काढली,
पेटवली, दोऱ्याला लावली.
धागा आखडून गाठीशी चिकटला, जळक्या टेरिकॉटचा वास आला.

काडी अजून जळत होती.
तिच्यावरच त्यानं विडी शिलगावली.