हवा

खाली बेकरी आहे, वर मी.
पाटीवर लिहिलंय : झोप आणि कुटुंब, सल्ला मिळेल.
खोटं नाही ते. झोपच तर येत नाही कुणाला.
दोन भेटींमध्ये मी अर्धा तास रिकामा ठेवते,
कारण डिअरबॉर्न लहान आहे,
आणि एकाच मशिदीतले दोघं जिन्यात समोरासमोर आले
तर दोघांनाही पावच घ्यायचा होता, असं ठरतं.
मग पाव घेऊन जातात,
पुन्हा येत नाहीत.

मंगळवारी येते रुदैना. नवऱ्यासोबत.
लग्नाला चार वर्षं, आणि अंग अजून कुलूप.
लोक विचारतात, पाळणा कधी?
तो बिचारा स्वतःचंच काहीतरी बिघडलंय असं सांगतो सगळीकडे.
तेवढ्या एका खोटेपणावर
त्या दोघांचं लग्न उभं आहे. भक्कम उभं आहे.

इयास गुरुवारचा. औषधांचं दुकान बंद करून येतो.
मूळचा होम्सचा, वय चौतीस.
आधी तो एका भल्या माणसाकडे जायचा.
त्या भल्या माणसानं तिसऱ्याच भेटीत सांगितलं,
आईला सांगून टाक, मोकळा होशील.
जणू आई म्हणजे दाराची कडी.

मी विचारलं, काय होतं?
तो इंग्रजीत बोलला,
गोळ्यांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदासारखा, बारीक टाइपात.
अरबीत सांग, म्हटलं.
अरबीत त्याच्याकडे दोनच ढीग निघाले :
गल्लीतल्या पोरांनी पाठीत मारलेले शब्द,
आणि शुक्रवारी मान खाली घालून ऐकलेले.
तिसरा ढीग नव्हता.
मग कित्येक गुरुवार
आम्ही त्या तिसऱ्या जागेभोवती बसून राहिलो
वेलदोड्याची कॉफी घेत.
(हे उपाशीपोटी बोलता येत नाही.
माझं खरं शिक्षण एवढंच, बाकी भिंतीवर टांगलंय.)

‘तमीम हात लावतो,’ तो एकदा म्हणाला,
‘तेव्हा अंग पलंगावर असतं
आणि मी जिन्यात. कुणी येतंय का, बघत उभा.’
कधीपासून उभा आहेस?
‘बारा वर्षांचा होतो.’
मग निदान पायरीवर बस तरी, म्हटलं.
हसला. पहिल्यांदाच.

गृहपाठ दिला : दोन आठवडे फक्त तळहात.
तळहातापुढे जायचं नाही, जावंसं वाटलं तरी.
वाटलंच, तर मला येऊन सांगायचं
काय वाटलं ते. आपल्या शब्दात.

तो सांगणार, इतक्यात फोन थरथरला.
आई. मर्सीनहून, परक्या गावातल्या आठव्या मजल्यावरून.
तो बंद करायला गेला. घे, म्हटलं.
जेवलास का. बर्फ किती पडलं.
आणि तुझ्या खोलीतला तो मुलगा, तो जेवतो का नीट?
लोकर उरलीय, त्याच्याही खांद्याचं माप कळव.
आणि खिडक्या उघडत जा रे, घरात हवा येऊ दे.

फोन ठेवून बराच वेळ
तो स्वतःच्या हाताच्या वितीकडे बघत राहिला.
‘माप मला पाठ आहे,’ म्हणाला.

आमच्या भाषेत हवा म्हणजे वारा,
आणि हवा म्हणजेच ओढ.
फरक अगदी शेवटाला :
घसा किंचित अडला तर वारा,
अडला नाही तर ती दुसरी.
इयासचा घसा बावीस वर्षं अडत आलेला.

तर, काय वाटलं? मी विचारलं.
‘हवा,’ तो म्हणाला.
अडला नाही.
पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं,
मग दाराकडे बघितलं, सवयीनं.

तो गेला. सगळं बरं झालं असं नाही,
पुढच्या गुरुवारी कदाचित पुन्हा जिन्यातच असेल.
माझी खिडकी रंगानं चिकटून बसलीय,
मालकाला तीनदा सांगून झालं.
अर्धा तास होता हातात.
खाली जाऊन मी
बेकरीतली एक सुरी मागून आणली.