दुतोंड्याची साक्ष

खैरनार काका खेळत नाहीत, तपासतात.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये कोऱ्या करकरीत नोटांच्या तावांवर वाकून
फुटलेली शाई शोधली,
सरकलेला आकडा शोधला.
आता जेल रोडला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या खुर्चीत बसून
ते माझ्या गेमच्या पहिल्या खोलीत
पाऊण तास आहेत.

दार उघडं आहे. ते जात नाहीत.

आधी सुतळीच्या गुंड्यावर क्लिक. मग कोनाड्यावर.
मग कोनाड्यातल्या काजळीवर,
जी ब्रश घसरला म्हणून मी तशीच राहू दिली होती.
"ही काय म्हणते?"
ती काही म्हणत नाही, काका.
"मग काढलीस कशाला?"

रात्री मी काजळीसाठी ओळ लिहिते:
इथे दिवा असायचा. आता फक्त त्याची सवय आहे.

अशा सहाशे बारा ओळी झाल्यात.
किल्ली रांजणाला लावून बघणाऱ्यासाठी एक,
हवालदाराला चिवड्याचा पुडा देणाऱ्यासाठी एक.
हवालदार पुडा घेतो. केस सरकत नाही.
मुदस्सर सातपूरची दुसरी पाळी संपवून येतो,
हाताला कूलंटचा वास,
एकेक ओळ एकेका वस्तूला बांधतो
आणि म्हणतो, तुझ्या गेममध्ये गोष्टीपेक्षा नकार जास्त.
खरंय.
'हे इथे जमणार नाही' किती परींनी सांगता येतं
हे मला स्थळं बघायच्या वर्षीही कळलं नव्हतं.

केस साधी. पुराच्या रात्री तांबट आळीत
हंड्यात लपवलेली हिशेबाची वही गेली.
इंदुमती कर्डक, वय एकावन्न, पोस्टातली नोकरी सोडलेली,
टॉर्च, पिशवी आणि गुडघेदुखी घेऊन
पहिल्याच दृश्यात दारात उभी.
चोर नेवाळे मुनीम. दोन वर्षं तोच.
त्याच्या भुवया मी सतरा वेळा काढल्या,
बघताच संशय यावा अशा,
पण फार नाही.

पाचव्या दिवशी काका घाटावर पोचले.
तिथला पूर माझा लाडका:
चार रंगांत गढूळ पाणी, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत,
वर एकच पिवळा बल्ब.
काकांनी मारुतीवर क्लिक केलं.
इंदुमती म्हणाली: एक तोंड येणाऱ्याकडे, एक जाणाऱ्याकडे.
साक्षीला असा कुणी हवा.
काका हसले नाहीत.
पुन्हा क्लिक. पुन्हा.
चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.
"पाणी छातीला?"
हो.
"म्हणजे खालचे पूल बुडाले.
मग तुझा मुनीम नऊला पंचवटीतनं आळीत आला कसा?
वरच्या पुलावरनं म्हणशील, तर सव्वानऊला
तो परत देवळात पेटी वाजवतोय, तूच लिहिलंयस.
आणि चपला बघ त्याच्या, तिसऱ्या खोलीत.
कोरड्या."

पंखा. खालच्या मजल्यावर
कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी.
पूर मी छान दिसतो म्हणून काढला होता.
त्यानं मला न विचारता जबानी दिली.

मुदस्सर फोनवर, मशीनच्या आवाजातून ओरडत:
"मग पाणी कमी करू? दोन मिनिटांचं काम."
दोन मिनिटांचंच. कमरेपर्यंत उतरवलं
की मुनीम पुन्हा चोर.

काका माझ्याकडे बघत होते,
एखाद्या तावाकडे बघत असतील तसे,
शिक्का हातात धरून.

नको, म्हटलं. राहू दे पाणी.

नेवाळे सुटला. भुवया तशाच आहेत,
फक्त त्यांवर क्लिक केलं की नवी ओळ येते:
जन्मापासूनच्या. गुन्हा नाही.
वही कुणी नेली, मला माहीत नाही.
मीच आता आळीत फिरतेय,
उतरंडीवर, मोरीवर, ऐरणीवर क्लिक करत,
आणि दर वेळी माझंच वाक्य मला ऐकवलं जातंय:
इथे काही नाही.

काका रोज पाचला येतात.
काल पुन्हा पहिल्या खोलीत गेले,
इंदुमतीच्या पिशवीवर बाण नेऊन थांबले.

"ही बाई," म्हणाले,
"कुणी बोलावण्याआधीच इथे कशी?"