एकोणीस मिलिमीटर

आ करा.
अजून.
'एवढंच उघडते, मॅडम.'

व्हर्नियरची थंड टोकं पटाशीच्या दातांना टेकवते,
रकान्यात लिहिते, एकोणीस.
सहभागी क्रमांक सत्तेचाळीस. वय एक्केचाळीस.
गोळीबार चौकामागे यंत्रमाग, रात्रपाळी.
खर्रा : दिवसाला अकरा पुड्या.
नावाला फॉर्मवर जागा नाही,
तरी ते सांगून टाकतात, डोमाजी नंदनवार.

गालाच्या आतून बोट फिरवते.
उभे, पांढरे, ताठ पट्टे.
विद्यार्थ्यांना शिकवायचे शब्द जिभेवर येईतो
तेच म्हणतात, बोट बाहेर निघाल्यावर,
'ताणा आहे थो. उभा ताणा.
बाणा टाकाचा राह्यला फक्त.'

जळजळ किती, या रेघेवर खूण करा,
शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.
'तर्री घेतली तं बारा.'
मी दहा लिहिते.

गोळीत हळदीचं सत्त्व आहे की नुसतं पीठ
मला माहीत नाही, त्यांनाही नाही.
ज्या पाकिटाला माहीत आहे ते सरांच्या कपाटात,
किल्ली सरांच्या खिशात,
सर भोपाळला परिषदेत.
काड्या मात्र सगळ्यांनाच,
आइस्क्रीमच्या, धुतलेल्या, रबर बांधलेल्या.
नऊ काड्या दातांत धरून बसायचं, दिवसातून चारदा,
जमलं की दहावी सरकवायची.
आणि खर्रा बंद.
'हौ,' म्हणाले, आणि खरंच बंद केला.

एकोणीस. एकवीस. चोवीस.
मग सहाव्या भेटीला आले नाहीत.
फोन बंद.
अशा वेळी शेवटचा आकडा पुढं ओढत न्यायचा, असा नियम आहे.
कागदावर माणूस चोवीसवर थांबून राहतो,
तोंड अर्धवट उघडं ठेवून.

मी गेले एका संध्याकाळी, नियमात नसताना.
गल्लीत मागांची खटखट इतकी
की मेडिकल चौकापासून डोक्यात असलेलं वाक्य विसरले.
कोपऱ्यावर एक पोरगा फळीवर पन्नी घोटत होता,
सुपारी, तंबाखू, चुना,
खस्, खस्, खस्,
हात असा सफाईचा की मी दोन मिनिटं बघतच राहिले,
आमच्याकडे कुणी मिश्रण इतकं मन लावून कालवत नाही.

डोमाजी बाहेर आले. गालात गोळा होता.
लपवला नाही.
'जांभई आली, मॅडम. तीन वर्षानं.
पहिले तं भेलोच, जबडा निसटला का म्हून.
बायकोले उठवून दाखोली.
मंग रोजच याले लागली. रात्री दोनले, तीनले.
झोप येते न बाप्पा.
धागा तुटते, कापडात डाग पडते, शेठ पैसे कापते.
खर्रा धरला काहून होता मी?
हे जांभई माराले तं धरला होता.'

माझ्याजवळ याचं उत्तर नव्हतं.
पिशवीत काड्यांचा नवा जुडगा होता, तो दिला.
त्यांनी मोजल्या. तेरा.
'एक जास्त आहे,' म्हणाले.

डिसेंबरात पाकीट फुटलं.
सत्तेचाळीस : पीठ.
दोन गटांतला फरक सव्वा मिलिमीटर,
सर म्हणाले, नमुना वाढवून पाहा.
म्हणजे ते पाच मिलिमीटर गोळीचे नव्हतेच.
काड्यांचे होते,
न खाल्लेल्या पुड्यांचे होते,
थोडे कदाचित, कुणीतरी दर पंधरा दिवसांनी
'आ करा' म्हणत होतं, त्याचेही.
हे शेवटचं मी सिद्ध करू शकत नाही.

रात्री विभागात एकटीच तक्ते जुळवत बसले होते.
वॉचमन दिवे मालवत मालवत इकडं येत होता.
अशात जांभई आली, मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी,
आणि व्हर्नियर हाताशीच होता.

सेहेचाळीस.

रकाना नव्हता.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
डोमाजींच्या ओळीसमोर.