भावी

आडव्या फाट्यावर माझं दुकान, आठ बाय दहा,
म्हणजे एका मध्यम फ्लेक्सएवढंच.
दसरा उलटला की सिन्नरात दुसरा हंगाम लागतो
आणि 'भावी' हा शब्द मला टाइपही करावा लागत नाही,
एफ-पाच दाबलं की उमटतो.

या महिन्यात नऊ भावी नगराध्यक्ष छापले.
नऊही एकाच पक्षाचे.
वर साहेब, साहेबांच्या वर त्यांचे साहेब,
खाली शुभेच्छुक पोरं, काळे गॉगल, मोबाईल कानाला.
पलीकडून कोण बोलत असतं, देव जाणे.

माझं मत विचाराल तर
(कुणी विचारत नाही, स्क्वेअर फुटाचा दर विचारतात)
आपण मत देतो ते उरलेल्याला.
निवड आधीच झालेली असते, नाशकात,
विश्रामगृहाच्या एका खोलीत,
जिथं काजूची प्लेट भरलेली आत जाते
आणि नाव बाहेर येतं.

माझा मावसभाऊ ओहायोत असतो. तो सांगतो,
तिकडे अध्यक्षपदाला उभं कोणी राहायचं
हेही आधी लोकच ठरवतात,
थंडीत रांगा लावून, राज्यामागून राज्य, महिनोन्‌महिने.
मी म्हटलं, मग फ्लेक्सवाल्यांची चांदी असेल.
तर म्हणाला, नाही रे, अंगणात छोट्या पाट्या लावतात.
छोट्या पाट्या!
त्या लोकशाहीवरचा माझा विश्वास तिथंच थोडा उडाला.

मग मुंबईत चिठ्ठी निघाली. पद महिलेला.
रात्री साडेनऊला नऊच्या नऊ माझ्या दुकानात,
एकमेकांकडे न बघता.
कुणी बायकोचा आधारवरचा फोटो आणला,
कुणी शिर्डीच्या सहलीतला, त्यातून मला मेव्हणा कापावा लागला.
निवृत्ती बलकांनी तर लग्नाचा अल्बमच आणला.
एकवीस वर्षांपूर्वीची मुलगी.
मी तिच्या मुंडावळ्या खोडल्या, कपाळ नव्यानं रंगवलं.
डोळ्यांत जे होतं ते राहू दिलं,
ते खोडायचं टूल माझ्याकडे नाही.
बलक स्वतः मात्र जागचे हलले नाहीत,
तिच्या मागे, दीडपट मोठे, हात जोडून.

मुलाखतीला म्हणे नवरे आत गेले.
बायका गाडीत बसून होत्या, काचा वर, एसी चालू.

त्याच आठवड्यात पार्वता उगले आली.
विडी वळते, दिवसाला हजार. कारखान्याच्या गेटवर
मुकादमाशी भांडताना तिला सगळ्या गावानं ऐकलंय.
दोन बाय तीन, म्हणाली. एकच. अपक्ष.
फोटो तिच्या विडी कामगार कार्डावरचा,
अर्ध्या कपाळावर गोल शिक्का.
शिक्का काढू का? विचारलं.
नको. तो कुठं खोटाय.

सवयीनं एफ-पाच दाबलं गेलं.
हे काय? तिनं विचारलं.
भावी.
खोड.
मग काय लिहू?
तिनं बोटाच्या चिरेत अडकलेला तंबाखू नखानं काढला,
बराच वेळ काढत राहिली.
लिही, मी उभी आहे.

मॅजेंटा संपत आला होता, चेहरा जरा हिरवट निघाला.
पुन्हा काढून देतो म्हटलं.
ऊन लागलं की सगळेच हिरवट होतात, म्हणाली,
अठराचे सोळा लाव.
सोळा लावले. शहाण्णव रुपये, रोख.
नऊ जणांची उधारी वहीत आहे,
त्यातल्या चौघांची मागच्या निवडणुकीपासून.

मतदान दोन तारखेला.
मी कुणाला देणार ते इथं सांगत नाही, धंदा आहे.
फक्त एफ-पाचवर आता दुसरा शब्द ठेवावा म्हणतो.
कोणता, ते सुचलेलं नाही.
बाहेर बलकांचा पोरगा हॉर्न वाजवतोय,
वडिलांना अजून थोडं गोरं करायचंय.