दारामागची पिशवी

दारामागच्या खिळ्याला, छत्रीशेजारी,
एक निळी पिशवी टांगलेली असते.
चेन अर्धीच लागते तिची.
आत पंधरा दिवसांच्या गोळ्या,
चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स, एक प्लास्टिकमध्ये,
टॉर्च, सेल काढून ठेवलेली,
आणि पाण्याची बाटली. दर सोमवारी बदलते,
जुनं पाणी कढीपत्त्याला.

कोपरीतल्या आमच्या इमारतीत सगळे हसायचे.
'प्रफुल्ला, कुठं पळून जायचा बेत?'
पळून नाही हो, टिकून.

माझ्या उजव्या ओटीपोटात सासूबाई आहेत.
म्हणजे त्यांची किडनी.
समितीने विचारलं होतं, 'आजी, सुनेला देताय? कुणाचा दबाव?'
'दबाव मी घालते,' त्या म्हणाल्या,
'माझ्यावर कोण घालणार?'
त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ही राहिली.
पण माझं शरीर अजून तिला परकीच समजतं,
उठता-बसता हाकलायला बघतं.
म्हणून सकाळी नऊ, रात्री नऊ,
पहारेकऱ्याला थोडी गुंगी द्यावी लागते.
एखादी वेळ चुकली तर चालतं, म्हणतात लोक.
कुणाचं चालतं?

फेब्रुवारीत, रात्री पावणेदोनला,
तळमजल्याच्या खांबाने आवाज केला.
नारळ फुटावा तसा, पण भिंतीच्या आत.
धोकादायक इमारतीची नोटीस जिन्यात दोन वर्षं होती,
तिच्यावर कुणी शिकवणीची जाहिरात चिकटवलेली.
'दहा मिनिटं,' अग्निशमनवाले ओरडले, 'फक्त माणसं.'
भोजवानी काकूंनी मिक्सर आणला.
वझे आजोबांनी गॅसचं पुस्तक.
तिसऱ्या मजल्यावरच्या नोएलने
हँगरसकट उद्याचा इस्त्रीचा शर्ट.
मी पिशवी आणली, चपला विसरले.

महापालिकेच्या शाळेत, दुसरी 'ब'मध्ये,
बाकांत गुडघे मावेनात.
फळ्यावर 'माझा आवडता पक्षी', अर्धा पुसलेला.
साडेचारला रझिया हळूच म्हणाली,
'ताई, अमानच्या फिटच्या गोळ्या वर राहिल्या.'
कुठली गोळी?
'पांढरी.'
जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात गं.
मग वझे आजोबा: 'माझी रक्त पातळ करायची, गुलाबी...
की ती तुझ्या काकूची होती?'
काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

मी खडू घेतला.
पक्ष्याच्या खाली एकेकाचं नाव,
नावापुढे आजार, आजारापुढे रंग,
गोळी आठवली नाही तिथे दुकान,
दुकान आठवलं नाही तिथे डॉक्टर.
अठरा वर्षं शेजारी राहून
मला यांच्या भाज्या पाठ होत्या, दुखणी नाही.

फळ्याचा फोटो घेऊन नोएल स्कूटरवर गेला,
उद्याच्या शर्टात. तोवर उद्या आलाच होता.
दुकानदार म्हणाला, चिठ्ठीशिवाय नाही.
बरोबरच म्हणाला.
मग डॉक्टरीणबाईंना फोन, चार वेळा,
पाचव्यांदा त्या झोपेतून बोलल्या
आणि त्यांनी चिठ्ठीचा फोटो पाठवला.
सात-चाळीसला अमानची गोळी आली.
आजोबांचं काही जुळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अंदाजाने नको, तपासून घ्या.
त्यांना सिव्हिलला नेलं,
गॅसचं पुस्तक छातीशी धरूनच गेले ते.

नऊला पोरं आली, दप्तरासकट दारात थांबली.
बाईंनी डस्टर उचललं, फळा पाहिला, ठेवून दिलं.
दोन वेण्यांची एक मुलगी
बोटाने अक्षरं जोडू लागली:
'का-र-बा... बाई, हा कुठला पक्षी?'

मी सगळ्या वर्गासमोर गोळी जिभेवर ठेवली.
बाटलीतलं सोमवारचं पाणी.
आत कुणीतरी पदर सावरून
पुन्हा जागेवर बसलं.

पिशवीत आता साडेचौदा दिवस.