पेरापेराला माती

मेल्विन डिमेलोनं बोटीवरून बी आणलं,
अंगठ्याच्या नखाएवढं, पांढरंफटक.
म्हणाला, बाबल्या, याचा भोपळा माणसाएवढा होतो.
मी विचारलं, कुठल्या माणसाएवढा?
तुझ्या की माझ्या?

भांडुपच्या टाकीमागं, जाळीच्या आत,
सहा हात रुंद, तीस हात लांब पट्टी.
खालून मोठी जलवाहिनी जाते,
म्हणून तिथं कुणी बांधत नाही.
दिवाळीचे कंदील उतरले तेव्हा बी टोकलं.

वेल हातभर झाली की पुरायची.
सगळी नव्हे. शेंडा मोकळा, पानांचे देठ उभे,
फक्त पेरं मातीखाली.
पेराशी ताणा असतो, स्प्रिंगसारखा, तो नखानं खुडायचा.
चर चार बोटं खोल.
वेल आडवी घालायची, माती ओढायची,
तळव्यानं दाबायची.
थापटायची नाही. दाबायची.

द्वारका खिडकीतून बघे.
लोक बी पुरतात, मढं पुरतात,
तुम्ही जितीजागती वेल पुरताय.
म्हटलं, पुरली तर पुरेल.
ती म्हणाली, पुरायला घरात माणसं किती? दोन.

चौतीस वर्षं मी पाण्याची चावी फिरवली.
साडेचारला कोकणनगर,
पाच चाळीसला हनुमान टेकडी,
उशीर झाला की हंडे घेऊन बायका दारात.
जमिनीखालचं मला थोडंफार ठाऊक आहे:
नकाशात नसलेला फाटा,
साहेबाच्या काळातलं लोखंडी वळण,
आणि कुणाच्या तरी मोरीत निघणारी
कुणीच न टाकलेली अर्ध्या इंचाची लाइन.

फळ एकच ठेवलं. बाकीची खुडली,
फुलांची भजी झाली.
रोज दिवेलागणीला द्वारका परकराची जुनी नाडी
भोपळ्याभोवती फिरवी आणि पुरेल तिथं गाठ मारी.
दोन गाठींत चार बोटं. कधी पाच.

माघात एका सकाळी
घुशीनं बुंधा तोडलेला.
अगदी करवतीनं पाइप कापावा तसा.
मूळ इकडं, वेल तिकडं, मधे वीतभर उजेड.
मेल्विननं टोपी काढली.
ज्युनिअर इंजिनिअर पाटणकर म्हणाले,
परीक्षेत निदान भोपळा तरी मिळतो हो,
तुम्हाला तोही नाही.

मी काही बोललो नाही.
मुख्य लाइन फुटली की फाट्यांवर चालवायचं,
हे मला कुणी सांगायला नको.
डबा घेतला, पेरापेराशी ओतत गेलो.
सतरा पेरं. सतरा डबे.
दुपारी पानं माना टाकून.
संध्याकाळीही.
त्या रात्री मी जाळीकडं गेलोच नाही,
पंखा मोजत पडलो.

दुसऱ्या दिवशी गाठ नाही.
तिसऱ्या दिवशी नाही.
चौथ्या दिवशी द्वारका नाडी धरून
बराच वेळ वाकलेली,
मग म्हणाली, जरा चष्मा आणा.
अर्धं बोट.

जुम्मनच्या भंगारच्या काट्यावर त्र्याऐंशी किलो भरला.
मग मेल्विनला चढवला: एकोणऐंशी.
तो खट्टू झाला, पण कबूल केलं.
विळ्या-भोपळ्याचं सख्य इथं काय कामाचं,
पाइपाची करवत लागली.
एक्केचाळीस घरांत फोडी गेल्या,
दोन दिवस वसाहतीत घारग्यांचा वास,
पाटणकरांनी डबा भरून नेला.

मार्चअखेर खोली सोडायची होती.
पट्टी साफ करावी म्हणून वेल ओढली.
आली नाही.
या टोकानं ओढली, तिसऱ्या पेराशी अडली.
त्या टोकानं ओढली, तिथंही.
मातीत हात घातला तर
प्रत्येक पेराखाली मुळांचा गुंता,
ओला, गार, आपापला धंदा बघणारा.

राहू दे, द्वारका म्हणाली.
नव्या माणसाला चाव्या दाखवा, एवढं पुरे.

नाडी मात्र तिनं घेतली,
परकरात परत ओवली, गाठी न सोडता.
आता ओढताना नेफ्यात अडकते.
ती थांबते, बोटानं गाठ पुढं सारते,
आणि ओढते.