विरजण

दांडिया बाजारात, सायकलच्या दुकानावर, लाकडी जिना चढून
माझं ऑफिस. दोन खुर्च्या, एक पंखा
आणि उन्हानं कॅनडा पिवळा पडलेला नकाशा.
फणसेबाई दर महिन्याला येतात. तिकीट काढत नाहीत.
"एडमंटन," म्हणतात, "किती तास?"

हरणीहून दिल्ली, दीड तास.
दिल्लीत बसायचं.
मग लंडन. पुन्हा बसायचं.
मग उरलेलं पाणी, उरलेला बर्फ.
एकतीस तास, बाई. कधी चौतीस.

"आणि सरळ गेलं तर?"

सरळ कोणी नेत नाही.
पण दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं,
शाळेच्या भंगारातला पृथ्वीचा गोल होता कपाटावर.
धूळ पुसली. बोट ठेवलं बडोद्यावर
आणि वर सरकवलं:
जोधपूर, मग ती हद्द, इस्लामाबाद,
पामीर, ओम्स्क, मग नावंच संपली.
ध्रुवावर पितळी स्क्रू आहे, त्याला नख लागलं.
पलीकडे उतार.
बोट जरासुद्धा वळलं नव्हतं
तरी उत्तरेची दक्षिण झाली
आणि खाली एडमंटन.

साडेअकरा हजार किलोमीटर असतील.
न थांबता चौदा तास.
घड्याळ साडेबारा तास मागे,
म्हणजे काटे अर्धाच तास सरकवायचे.

बाई गोलाकडे बघत राहिल्या.
"चौदा तास चाललं असतं," म्हणाल्या.
"एकतिसांत आंबून जाईल."

तेव्हा कळलं, त्या माणसाचा प्रवास मोजतच नव्हत्या.

शाल्मलीला तिथलं दही गोड लागतं. गुळमट, म्हणते ती.
घरचं विरजण हवंय.
घरचं म्हणजे तरी काय,
बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या पटेलांकडून आणलेलं वाटीभर.
वाटीसुद्धा अजून इकडेच.

मी म्हटलं, रुमाल.
आमची आत्या दह्यात सुती रुमाल बुडवून सावलीत वाळवायची,
बदलीच्या गावी गेल्यावर कोमट दुधात टाकायची.
(हे तिकिटाच्या धंद्यात बसत नाही. असो.)

तेवीस तारखेला कारेलीबागेतला मिहिर ब्रह्मभट्ट निघाला,
शिकायला, पहिल्यांदाच.
पासपोर्टच्या पाकिटात मी कडक झालेला रुमाल ठेवला.
"अंकल, हे काय?"
रुमाल, म्हटलं. खोटं नव्हतं.
त्यानं वास घेतला आणि काही बोलला नाही.
त्याच्याही आईनं चार डबे भरले होते.

नंतर पंधरा दिवस काहीच नाही.
मी उगीच विमानं तपासत बसलो,
जी कधीच पोचली होती.

मग बाई आल्या. जिना चढून दम लागलेला.
बाहेर उणे अठ्ठावीस होतं म्हणे,
भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, नुसता दिवा लावून.
पहिल्या खेपेला फुटलं.
दुसऱ्या खेपेला अकरा तासांनी लागलं.
"आंबट आहे ना?" विचारलं होतं त्यांनी.
ती फोनवर नुसती चमचा वाजवत होती.

निघताना पिशवीतून स्टीलची वाटी काढून दाखवली,
काठावर कोरलेलं गुजराती नाव, अर्धं झिजलेलं.
आता पटेलांकडे चालले, म्हणाल्या.
वाटी झाकलेली होती.
रिकामी कशी द्यायची?